मोठं पातेलं

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच हॉटेलात आचारी होता. तो आतून हाक मारायचा, दाजी, ताट घ्या. त्याचं ऐकून भांडी घासणारी बाई दाजी म्हणू लागली, मग गल्ल्यावर बसणाऱ्या मालकीणबाई, आणि बघता बघता गिऱ्हाइकंसुद्धा. या माणसाने अख्ख्या गल्लीला मेहुणे करून ठेवलंय, असं मालकीणबाई चिडवायच्या. दाजींना ते मनातून आवडायचं. का आवडू नये? जन्मभर लोकांना पाणी वाढणाऱ्या माणसाला कुणी जावयाचा मान दिला, तर तो काय नको म्हणेल?

आणि हॉटेल म्हणजे तरी काय हो. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला लाँड्री, आणि मधे हे. पाटीवर 'भारतीय भोजन' एवढंच वाचता यायचं, मालकांनी हौसेने ठेवलेलं नाव उन्हाने केव्हाच खाऊन टाकलं होतं. काचेखाली मेनू दाबून ठेवलेली टेबलं, पाय पडला की डुगडुगणारी एक फरशी, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. जेवण फार भारी नाही, पण नावं ठेवण्यासारखंही नाही. आसपासच्या दुकानांतली, ऑफिसांतली माणसं यायची, कारण जवळ होतं आणि वाढायला दाजी होते.

दाजी ऑर्डर कधी लिहून घेत नसत. वही-पेन्सिल पुढे केली की त्यांना अपमान वाटायचा. कुणाला तिखट सोसत नाही, कुठल्या आजोबांना भात मऊ लागतो, कुणाच्या मुलाला कोथिंबीर दिसली तरी तो ताट ढकलतो, सगळं डोक्यात. नवीन माणूस दुसऱ्यांदा आला की दाजी विचारायचे, मागच्यासारखंच ना? आणि तो माणूस खूश होऊन पुढच्या खेपेला बायकोला घेऊन यायचा. आता यात गैर काय? काहीच नाही. माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा. फक्त आपल्याला काय माहीत आहे याचा अभिमान धरता धरता आपल्याला काय माहीत नाही हे विसरायला होतं, आणि दाजींचं तसंच झालं.

या हॉटेलात एक नियम होता. मालकीणबाईंचे यजमान हयात होते तेव्हाचा. एकदा एक वेटर आणि एक आचारी स्वयंपाकघरात हातघाईवर आले, गरम कढई मधे आली आणि वेटरच्या पायावर सांडली. त्या दिवसापासून मालकांनी ठरवलं, बाहेरच्याने आत पाऊल टाकायचं नाही, आतल्याने बाहेर यायचं नाही. भिंतीला एक खिडकी पाडली. तिच्यातून तोंडी ऑर्डर आत जायची आणि ताटं बाहेर यायची. मालक गेले, नियम राहिला. त्या खिडकीतून आतल्या माणसाचे कोपरापर्यंतचे हात तेवढे दिसायचे. मेहुण्याचा मूड कसा आहे हे दाजींना त्याच्या हातांवरून कळायचं. पण शेगडीवर काय चाललंय हे त्यांनी कधी बघितलं नाही, आणि बघावंसं वाटलंही नाही. आतलं मेहुण्याचं, बाहेरचं आपलं, अशी वाटणीच झाली होती.

गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाल्यांची बायको मुलगी लहान असतानाच गेली. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी बापलेक या हॉटेलात जेवायला यायचे, पंख्याखालच्या टेबलावर. पहिल्यांदा आले तेव्हा चष्मेवाले बसलेच नाहीत. उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की माझ्या मुलीला काजू चालत नाही, एक कण पोटात गेला तर तिचा घसा सुजतो आणि श्वास बंद होतो. खिशातून इंजेक्शन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. जेवणारी माणसं घास हातात धरून बघत राहिली. ती चिमुरडी टेबलाखाली पाय हलवत बसली होती.

 दाजींनी खिडकीशी जाऊन मेहुण्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मेहुणा बरं म्हणाला. एवढंच. त्यानंतर दर आठवड्याला दाजी खिडकीत तोंड घालून म्हणायचे, चष्मेवाल्यांची मुलगी आलीय. आणि आतून तिचं ताट यायचं. मुलगी मोठी झाली, शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, आणि इतक्या वर्षांत या हॉटेलात जेवून तिला साधी खाजसुद्धा कधी आली नाही. त्याचं श्रेय दाजींनी बिनबोभाट स्वतःकडे घेतलं होतं. घरी गेले की बायकोला सांगायचे, ती पोर डोळे मिटून जेवते माझ्या भरवशावर. बायको म्हणायची, स्वयंपाक माझा भाऊ करतो आणि मिरवता तुम्ही. यावर दोघं हसायची. तेव्हा हसण्यासारखं होतं ते.

मग मेहुण्याच्या छातीने दगा दिला. जन्म धुरात काढलेला. खोकला होताच, एका सकाळी ओट्यापाशीच खाली बसला आणि उठेना. इस्पितळातून आला तो डॉक्टरांची ताकीद घेऊनच, की शेगडीजवळ पुन्हा उभं राहायचं नाही. कोठाराच्या वरची खोली मालकीणबाईंनी दाजींना राहायला दिली होती, तिथेच तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसू लागला. त्याचं सारं लक्ष आता श्वास घेण्यात. कामाचं काही सांगायचं राहिलंय का, असं त्याला कुणी विचारलं नाही. आणि आजारी माणसाला कसलं विचारता? त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी नवा आचारी आणला. खालच्या खिडकीत नवे हात दिसू लागले, केसाळ, मनगटाला काळा दोरा बांधलेले.

माणूस गरीब होता बिचारा. तोंडात शब्द नाही. सांगितलेलं ऐकायचा, आणि सकाळी मालकीणबाईंनी मोजून दिलेलं सामान घेऊन मेहुण्याच्याच पद्धतीने सगळं करायचा. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही, आणि मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी मुलगी आली ती वडिलांशिवाय. सुट्टीचा वार नव्हता, नवा आचारी आल्यापासून तो वार अजून आलाच नव्हता. भर दुपारी, कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना घेऊन. दाजींनी पंख्याखालचं टेबल पुसून दिलं. मैत्रिणी बसल्या, आणि ही हात धुवायच्या निमित्ताने उठून दाजींपाशी आली. हळूच म्हणाली,

"दाजी, माझं लक्षात आहे ना? त्यांच्यासमोर नको बोलायला."

दाजी म्हणाले, "विसरलो तर दाजी म्हणू नकोस मला."

ती हसली आणि जाऊन बसली. दाजी खिडकीशी गेले. नव्या माणसाला त्यांनी काही मोघम सांगितलं नाही हां. काजूचा कण जाता कामा नये, गेला तर पोरगी मरेल, असं स्पष्ट सांगितलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. ते केसाळ हात खिडकीत थबकले. मग त्यांनी खिडकीसमोरच्या ओट्यावरचा काजूचा डबा उचलून लांब ठेवला. कढई दाजींना दिसेल अशी धरून साबण लावून घासली. नवा डाव काढला. धुतलेलं फडकं घेऊन ओटा पुसला, आणि हातसुद्धा धुतले. दाजींनी हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं. मेहुण्याने इतकं कधी केलेलं त्यांना दिसलं नव्हतं. हा तर त्याच्यापेक्षा काळजीवाला निघाला, असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं.

ताट आलं. दाजींनी ते तिच्यापुढे ठेवलं, तेव्हा तिने वर बघून अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"हे माझंच ना?"

"बिनधास्त जेव, बाळा," दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या टेबलावर पाणी वाढायला गेले.

पुढचं फार सांगत नाही. सांगवतही नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला म्हणून दाजींनी वळून बघितलं, तर ती उभी होती आणि तिचा हात गळ्यावर होता. तिला आवाज फुटत नव्हता. मैत्रिणी, काय झालं, काय झालं, करत राहिल्या. तिने स्वतःच्या हाताने पिशवीतून इंजेक्शन काढलं, मांडीत टोचून घेतलं आणि खाली बसली. दाजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी आली, इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. संध्याकाळी मुलगी गेली.

त्यानंतर सरकारी माणसं आली, पातेली-डबे घेऊन गेली आणि हॉटेलला कुलूप लावून गेली. दाजी वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. बायकोने पुढे ठेवलेला चहा तसाच. त्यांनी मेहुण्याला विचारलं, तू तिच्यासाठी काय करायचास रे? नव्याने तर माझ्यादेखत कढई घासली, डाव बदलला, डबा लांब ठेवला. मी बघितलंय.

मेहुणा खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "रस्सा कुठला घेतला त्याने?"

दाजींना प्रश्नच कळला नाही. रस्सा कुठला म्हणजे? रस्सा तो रस्सा.

आता हे तुम्हालाही सांगायला हवं. असल्या हॉटेलात प्रत्येक भाजी काही वेगळी शिजत नाही. सकाळी एक मोठं पातेलं चढतं. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, आणि रस्सा दाट व्हावा म्हणून भिजवून वाटलेले काजू. दिवसभर त्याच पातेल्यातून डाव डाव घ्यायचा. पनीर टाकलं की पनीरची भाजी, वाटाणा टाकला की वाटाण्याची. गिऱ्हाईक मेनू वाचून डोकं खाजवतं, आणि आत सगळ्या एका आईच्या लेकी. सकाळी एकदा पातेलं उतरलं की त्यात काय काय आहे याचा विचार आचारी पुन्हा करत नाही. तो रस्सा त्याच्या लेखी नळाच्या पाण्यासारखा. भाजीत काजू घालणं म्हणजे वरून घालणं. नव्या माणसाने वरून काही घातलं नव्हतं. त्याने स्वच्छ कढईत, स्वच्छ डावाने, मोठ्या पातेल्यातला रस्सा ओतला होता.

मेहुणा म्हणाला, "तिचं मी त्या पातेल्यातून कधी काढलंच नाही. छोट्या कढईत वेगळं परतून घ्यायचो. कांदा-टोमॅटो तेवढ्यापुरता चिरून."

"मला कधी बोलला नाहीस," दाजी म्हणाले.

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. दर आठवड्याला तुम्हीच तर सांगायचात."

एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली. बायको पाणी घेऊन धावली. दाजी जागचे हलले नाहीत. त्यांना कोठारातल्या गोण्या दिसत होत्या. मागच्या दाराने माल आला की तो उतरवून घ्यायचं काम त्यांचंच. काजूचं पोतं ते स्वतः खांद्यावरून कोठारात टाकायचे. मेनूवर काजूची भाजी एकच, तीही महिन्यातून एखाद्याने मागवली तर मागवली. मग एवढे काजू जातात कुठे, हा प्रश्न अख्ख्या गल्लीच्या आवडीनिवडी तोंडपाठ असलेल्या माणसाला कधी पडला नाही. रोज दुपारी तोच रस्सा भातावर घेऊन ते स्वतः जेवत होते. दाजी उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

चार-पाच दिवसांनी मालकीणबाई वर आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. दाजींच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हाताने भांडी दिली होती, मेहुण्याच्या इस्पितळाचं त्यांनीच बघितलं होतं. रडून रडून डोळे सुजलेले होते त्यांचे. त्या खुर्चीवर बसल्या, पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, की त्या मैत्रिणींनी जबाब दिलाय. टेबलावर मुलगी काजूबद्दल एक अक्षर बोलली नाही म्हणतात. मेनूच्या खाली तर छापलेलंच आहे, ज्यांना काही चालत नसेल त्यांनी आधी सांगावं. तेव्हा उद्या चौकशीचे साहेब तुम्हाला विचारतील, तर तुम्हीही तेच सांगायचं. तिने सांगितलं नाही. दंड होईल, समज मिळेल आणि हॉटेल उघडेल.

 मालकीणबाईंनी मग मेहुण्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, चुलीपाशी बसलेल्या दाजींच्या बायकोकडे बघितलं. धमकी दिली नाही. फक्त म्हणाल्या,

"दाजी, गेलेली काही परत येत नाही. आपण सगळ्यांनी कुठे जायचं?"

यात खोटं काय होतं? तिथेच तर पेच होता. दाजींच्या वयाच्या वेटरला दुसरीकडे उभं करून घेणारं कोण होतं? मेहुण्याची औषधं कुठून यायची? नवा आचारी तर खाली मागच्या दारात पायरीवर डोकं धरून बसला होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, की मी कढई घासली होती हो, दोनदा घासली होती. दाजींनी मनाशी ठरवलं, मूग गिळून बसायचं. त्यात कुणाचं काय जातंय? मुलगी तर गेलीच.

हे ठरवून ते दूध आणायला खाली उतरले आणि किल्ल्यावाल्याने त्यांना थांबवलं. तो चष्मेवाल्यांकडे जाऊन आला होता. म्हणाला, माणूस रडत नाही हो, नुसता संतापलेला आहे. मुलीवर संतापलेला आहे. त्याच आठवड्यात बापलेकीचं भांडण झालं होतं म्हणे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जिथे जाल तिथे माझा गाजावाजा करता, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हे म्हणाले, ठीक आहे, यापुढे तुझं तू सांगत जा. आणि आता सगळे म्हणतात तिने सांगितलंच नाही. मैत्रिणींपुढे लाजली आणि जीव घालवून बसली.

दाजी तसेच दुधाचं भांडं हातात घेऊन गल्लीत उभे राहिले.  कुणाचं काही जात नाही असं त्यांना वाटलं होतं, आणि जे जात होतं ते त्या पोरीचं होतं. ती दोनदा बोलली होती, आणि ते ऐकणारा माणूस सबंध जगात एकच होता.

दाजी दूध न घेताच चष्म्याच्या दुकानात गेले.

शटर अर्धं वर होतं. आत दिवा नव्हता. भिंतीवर रिकाम्या फ्रेमी ओळीने लावलेल्या, समोर नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्याखाली गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर चष्मेवाले बसले होते. दाढी वाढलेली. दाजींना बघून त्यांनी मान हलवली, जणू काही चष्मा न्यायला कुणी आलंय. दाजी काही बोलायच्या आत तेच बोलू लागले.

"तुमची काही चूक नाही, दाजी. तिने सांगायला नको? लहानपणापासून कानीकपाळी ओरडतोय. एक वाक्य बोलायची लाज वाटली तिला. एका वाक्याची. रोज तिला शिव्या घालून पडतो मी. झोप लागत नाही ती नाहीच."

 बसायला दुसरी खुर्ची नव्हती आणि असती तरी दाजी बसले नसते. उभ्या उभ्याच म्हणाले, "ती बोलली होती."

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"आल्याबरोबर माझ्यापाशी आली. लक्षात आहे ना म्हणाली. मी आत सांगितलं. ताट ठेवलं तेव्हा परत विचारलं तिने, हे माझंच ना. दोनदा बोलली ती, साहेब. तिचं काही चुकलं नाही. रस्सा मोठ्या पातेल्यातला होता. त्यात काजू होते आणि ते मला माहीत असायला हवं होतं. पोती मी उचलत होतो."

चष्मेवाल्यांचा चेहरा हलला नाही. ते अक्षरांच्या तक्त्याकडे वळले. मग विचारलं, "घाबरली होती का? विचारताना?"

"नाही. हसत होती."

"तुम्ही काय म्हणालात?"

हे मात्र दाजींना गिळून टाकता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण आता सुरुवात झाली होती, आणि अर्धं सांगून त्यांना तिथून निघता येईना.

"बिनधास्त जेव म्हणालो."

चष्मेवाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला. इतक्या दिवसांचं रडू एकदम आलं ते. मुलीचं घरातलं नाव घेऊन ते रडत होते, चुकलं गं माझं, चुकलं, म्हणत होते. दाजी हात जोडून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं.

शेवटी चष्मेवाल्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. म्हणाले, "हे तिकडे चौकशीत सांगाल?"

"सांगेन."

"सांगा. आणि त्यानंतर मला तोंड दाखवू नका."

दाजींनी सांगितलं. साहेबांनी त्यांना विचारलं, तुमच्याकडे लिहून घेतलेलं काही आहे का? नाही म्हणाले. मी लिहीत नसतो, माझ्या लक्षात असतं. साहेबांनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. हॉटेलचं कुलूप काही निघालं नाही. मालकीणबाईंनी जागा लाँड्रीवाल्याला विकली. नवा आचारी कुठे गेला कुणाला माहीत नाही, कुणी म्हणतं त्याने हे कामच सोडलं. दाजींनी खोली खाली केली. जाताना मालकीणबाई दारात आल्या नाहीत. बायकोने भांडी बांधताना एवढंच विचारलं, आता माझ्या भावाचं काय?  मेहुणा पुढच्या थंडीत गेला. जाईपर्यंत दोघं एकाच खोलीत राहत होते, पण त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. दोघांनाही वाटत होतं की दुसरा आपल्याला दोष देतोय. देत कुणीच नव्हतं, पण विचारणार कोण?

आता दाजी एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आहेत. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दुपारी माणसांची रांग लागते, दाजी काउंटरवर उभे राहून ताटं देतात. तिथे त्यांना दाजी कुणी म्हणत नाही. ए काका, किंवा नुसतंच शुक शुक. कुणाला काय आवडतं हे त्यांनी तिथे लक्षात ठेवलेलं नाही. तीच तीच माणसं रोज येतात आणि दाजी रोज त्यांना नव्याने विचारतात, काय देऊ?

पण कुणी विचारलं, यात अमुक आहे का हो, तर दाजी म्हणतात, मला माहीत नाही. आणि ताट मागे घेऊन आत जातात. इथे खिडकीबिडकी नाही, साधं दार आहे. आत जाऊन आचाऱ्याला हाताला धरून बाहेर आणतात आणि म्हणतात, यांना सांग, अगदी सकाळपासून काय काय घातलंस ते सांग. आचारी वैतागतो. रांगेतली माणसं ओरडतात. सुपरवायझरने दोनदा दम दिलाय, की म्हाताऱ्या, असंच चालू ठेवलंस तर घरी बस.

परवा एक नवीन मुलगी आली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असावी. तिने विचारलं, काका, यात दाणे नाहीत ना? दाजी म्हणाले, माहीत नाही, थांब, विचारून येतो. तिची सुट्टी संपत आली होती, मागून माणसं ढकलत होती. ती म्हणाली, नसतील हो, द्या तुम्ही, आणि तिने ताटाला हात घातला.

दाजींनी ताट सोडलं नाही. एका बाजूने ती ओढतेय, दुसऱ्या बाजूने हे धरून बसलेत. रस्सा हिंदकळून दाजींच्या अंगठ्यावर आला, चांगला गरम होता. रांगेत हशा पिकला. मुलगी आधी हसली, मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिने हात काढून घेतला. दाजी ताट घेऊन आचाऱ्याला बोलवायला आत गेले.